लावणी : नाच, संहिता आणि वारसा

मराठी समीक्षेने लावणीचा विचार पुष्कळ केला. लावणीतील नाचाचा विचार मात्र तिने फारसा केला नाही. य. न. केळकर यांचे ‘अंधारातील लावण्या’ हे संपादन, म. वा. धोंड यांचे लावणीविषयक विवेचन, गंगाधर मोरजे यांचा ‘मराठी लावणी वाङ्मय’ हा ग्रंथ, एवढी नावे घेतली तरी या अभ्यासाचा आवाका लक्षात येतो. रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम यांच्या रचना, त्यांतील शृंगाराचे स्वरूप, पंडिती काव्याशी त्यांचे असलेले नाते हे प्रश्न या परंपरेत कसून हाताळले गेले. लावणी ज्या देहाने सादर होते तो देह मात्र या विवेचनात बहुधा पार्श्वभूमी म्हणून येतो. ढोलकी, तुणतुणे, चाळ यांचा उल्लेख होतो आणि मग विवेचन कवितेकडे वळते.

या वळणाचा संबंध एका दुसऱ्याच घटनेशी जोडून पाहावयास हवा. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने लावणीचे ‘जतन’ करावयास घेतले, तेव्हा त्यानेही नाच ज्या परिस्थितीत उभा राहतो तिच्यापासून तो वेगळा करूनच उचलला. ग्रंथाने शब्द उचलला, महोत्सवाने पदन्यास उचलला. दोन्ही ठिकाणी जे हलवता येते ते घेतले गेले आणि जे हलवता येत नाही ते मागे राहिले. पारंपरिक लोकनृत्य आणि शासनमान्य वारसानृत्य यांच्या संबंधाची चर्चा सामान्यतः ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ या जोडीने केली जाते. लावणीच्या बाबतीत ही जोडी पुरत नाही. ती का पुरत नाही, हे पाहणे हा येथील विषय आहे.

१

मागे राहिलेले नेमके काय, याची कल्पना बैठकीच्या लावणीवरून येते. बैठकीत गायिका बसून गाते. एक ओळ एकदा म्हणून ती पुढे जात नाही. तीच ओळ ती पुनःपुन्हा घेते. एका खेपेस केवळ नजरेने रुसवा दाखवते, दुसऱ्या खेपेस त्याच शब्दांवर मनगट वळवून आर्जव करते, तिसऱ्या खेपेस पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत त्याच आर्जवाची टवाळी करते. शब्द तेच, चालही तीच. अर्थ दर खेपेला निराळा. यालाच अदाकारी म्हणतात. ठुमरीतील बोलबनावाशी तिचे नाते उघड आहे आणि ते नाते लपवावे असे सादर करणाऱ्यांना कधी वाटलेले नाही. सत्यभामाबाई पंढरपूरकर किंवा यमुनाबाई वाईकर यांची ख्याती होती ती या अर्थाने गाण्याची आणि नाचाचीही. कारण बसलेल्या देहाचा नाच हाही नाचच असतो.

छापील संग्रहात ही ओळ एकदाच येते. संपादकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण पुनरावृत्ती ही पाठाचा भाग मानली जात नाही. परंतु अदाकारीच्या दृष्टीने पुनरावृत्ती हाच प्रयोग आहे. ओळ हे केवळ निमित्त आहे. कागदावर सामान्य वाटणारी एखादी छक्कड बैठकीत रंगते आणि कागदावर सरस ठरलेली रामजोशींची एखादी पांडित्यपूर्ण रचना बैठकीत जड होते, याचा उलगडा केवळ काव्यगुणांच्या आधारे होत नाही. विरहाची बालेघाटी, संथ चालीची चौकाची लावणी, चटकदार छक्कड हे भेद विषयाचे आणि रचनेचे आहेत तसेच ते देहाने किती वेळ घ्यावयाचा याचेही आहेत. लावणीची संहिता ही अदाकारीसाठी जागा मोकळी सोडणारी संहिता आहे. ती जागा रिकामी दिसल्यामुळे अनेक वाचकांना रचना उथळ वाटली आणि काहींना ती अश्लील वाटली.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रयोगाला इतके महत्त्व द्यावयाचे तर नाटकाच्या संहितेचाही विचार करता येणार नाही. आक्षेप गैरलागू नाही. तथापि नाटकाची संहिता प्रयोगाच्या सूचना काही अंशी स्वतःत बाळगते. लावणी तशा सूचना बाळगत नाही. तिचा प्रयोग शिकणाऱ्या मुलीच्या देहात आई, मावशी, आजी यांच्याकडून उतरतो. म्हणजे या कलेचा अर्धा ग्रंथ कागदाबाहेर, एका विशिष्ट समाजातील स्त्रियांच्या स्मृतीत आहे. वारशाच्या चर्चेत हा मुद्दा पुढे कळीचा ठरतो.

२

‘लोकनृत्य’ ही संज्ञा मराठीत जितक्या सहजतेने वापरली जाते तितकी ती सरळ नाही. जर्मन अभ्यासक फेलिक्स होअरबर्गर यांनी १९६० च्या दशकात लोकनृत्याचे ‘पहिले अस्तित्व’ आणि ‘दुसरे अस्तित्व’ असा भेद मांडला. पहिल्या अस्तित्वात नाच हा समूहाच्या जीवनाचा अविभाज्य भाग असतो, तो मुद्दाम शिकवावा लागत नाही आणि त्याचे रूप निश्चित नसते. दुसऱ्या अस्तित्वात तो काही मोजक्या हौशी लोकांच्या ताब्यात जातो, शिक्षक येतात, हालचाली ठरून जातात. हा भेद युरोपातील ग्रामीण नाचांकडे पाहून केलेला आहे. पुढे १९९५ मध्ये अंद्री नाहाचेव्स्की यांनी सहभागाचे नृत्य आणि सादरीकरणाचे नृत्य अशी निराळी विभागणी सुचवली. ती अधिक उपयुक्त आहे, कारण ‘मूळ’ आणि ‘नंतरचे’ असा कालक्रम ती गृहीत धरत नाही.

महाराष्ट्रातील नाचांना ही मापे लावून पाहिली की एक विसंगती चटकन दिसते. वारली समाजाचा तारपा नाच सहभागाचा आहे. वादक मध्ये, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती. वर्तुळाला पुढची बाजू नसते. हा नाच रंगमंचावर किंवा दिल्लीच्या संचलनात आला की वर्तुळ उघडावे लागते, कारण आता पाहणारा एका बाजूला बसलेला असतो आणि नाचणाऱ्यांची पाठ त्याच्याकडे होऊन चालत नाही. नाचातील हा बदल लहान दिसतो, पण त्यात नाचाचे केंद्र तारपा वाजवणाऱ्याकडून प्रमुख पाहुण्याकडे सरकते. फुगडी, झिम्मा यांचेही असेच होते. होअरबर्गर यांचा भेद येथे पुरेसा लागू पडतो.

लावणीला तो लागू पडत नाही. लावणी कधीच ‘सगळ्यांनी नाचायची’ गोष्ट नव्हती. ती पेशवाईच्या उत्तरकाळापासून सादरीकरणाची, मोबदल्याची, आश्रयदात्याकडे तोंड करून केलेली कला आहे. तिच्या ‘पहिल्या अस्तित्वा’तच प्रेक्षक, पैसा आणि सत्ता आहेत. तमाशात प्रारंभी नाच्या पोऱ्या नाचत असे. स्त्री फडावर ठळकपणे आली ती नंतर, आणि पठ्ठे बापूराव यांच्या फडातील पवळाबाई या त्या बदलाच्या ओळखीच्या खुणा मानल्या जातात. तेव्हा ज्याला आज ‘पारंपरिक’ म्हटले जाते ते नऊवारीतील स्त्रीचे रूपही एका परिवर्तनाचे फळ आहे. शासनाने एखादी निरागस ग्रामीण कला बिघडवली, ही मांडणी लावणीच्या बाबतीत इतिहासाला धरून होणार नाही.

तरीही १९५० च्या दशकात जी राष्ट्रीय वर्गवारी सिद्ध झाली तिने तारपा नाच आणि लावणी एकाच रकान्यात टाकले. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन २८ जानेवारी १९५३ रोजी झाले. त्याच वर्षापासून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव भरू लागला. ‘शास्त्रीय’ आणि ‘लोक’ या दोन रकान्यांपैकी पहिल्यात व्यक्तीचे नाव राहते, गुरूचे नाव राहते, घराणे राहते. दुसऱ्यात प्रदेशाचे नाव राहते. कथकचा नर्तक स्वतःच्या नावाने ओळखला जातो; लावणी नाचणारी ‘महाराष्ट्राची लावणी’ नाचते. पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम, कठीण लयकारी, ढोलकीशी होणारे जाबसाल हे सारे असूनही ती ‘लोक’ ठरते, ते तिच्या कलेच्या घडणीमुळे नव्हे, तर ती नाचणाऱ्या जातीमुळे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

३

जतनापूर्वी बंदी होती. १९४८ च्या सुमारास तत्कालीन मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आणली. नंतर सुधारणेचा मार्ग निघाला आणि वग-लावण्यांच्या संहिता तपासून परवाना देण्याची पद्धत आली. याच काळात ‘तमाशा’ या शब्दाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ झाला. अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिराने तो राजकीय आशयासाठी वापरला. कलापथकांनी तो प्रबोधनासाठी वापरला. आणि १९६५ च्या सुमारास ‘विच्छा माझी पुरी करा’च्या रूपाने तो मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या घरचा झाला. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) लावणी पुण्याच्या इतिहासावरील भाष्याचा घटक म्हणून आली. या सर्वांत लावणी होती, नाच होता. पिढीजात नाचणारी मात्र क्वचितच होती.

परवान्याच्या पद्धतीत एक अंतर्विरोध होता. सरकारला तपासता येत होते ते शब्द. ज्याला अश्लील म्हटले जात होते ते मुख्यतः शब्दांत नव्हते. पहिल्या भागात पाहिल्याप्रमाणे एकाच ओळीचे तीन अर्थ करणारी अदाकारी संहितेच्या तपासणीतून निसटते. वाङ्मयीन समीक्षा आणि परवाना देणारा अधिकारी यांनी लावणीकडे पाहिले ते एकाच ठिकाणाहून, म्हणजे कागदावरून. एकाने तिच्यात काव्य शोधले आणि दुसऱ्याने दोष.

परंतु नाचाला नकार देणारे केवळ सरकार आणि पांढरपेशे नव्हते, ही बाब लावणीच्या रसिक समर्थकांना अडचणीची वाटते आणि म्हणून ती सहसा टाळली जाते. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट घेतला आणि नाची वगळली. आंबेडकरी जलशांनीही तेच केले. पवळाबाईंबरोबर मिळवलेल्या पैशातून पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. या नकाराला विक्टोरियन शुचितेचे अनुकरण म्हणून बाजूला सारता येणार नाही. जिच्या जातीच्या स्त्रियांनी नाचावे हे गावगाड्यात गृहीतच धरलेले होते, त्या समाजाने ‘आमच्या बाया नाचणार नाहीत’ असे म्हणणे हा एका वारशाचाच त्याग होता, आणि तो विचारपूर्वक केलेला त्याग होता. वारसा म्हटला की तो जपलाच पाहिजे, हे गृहीतक या ठिकाणी डळमळते.

शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात लावणी कलावतींच्या लैंगिकतेचे वर्चस्वशाली वर्गांनी कसे अपहरण केले, हे पेशवाईपासून चित्रपटांपर्यंतचा पट घेऊन दाखवले. शैलजा पाईक यांच्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ या तीन शब्दांभोवती तमाशाचा इतिहास उभा केला आहे. ‘अश्लील’ आणि ‘अस्सल’ हे शब्द एकमेकांच्या इतके जवळ नांदतात, ही बाब मार्मिक आहे. एकाच स्त्रीच्या एकाच हालचालीला गावच्या जत्रेत पहिला शब्द लागतो आणि महोत्सवाच्या निवेदनात दुसरा.

४

आज लावणीची दोन स्थळे स्पष्टपणे वेगळी आहेत. एक संगीतबारीचे थिएटर; दुसरे शासकीय किंवा संस्थात्मक महोत्सवाचे व्यासपीठ. यांच्या मधोमध इतर पुष्कळ काही आहे: ढोलकी-फडाचे तंबू, जत्रा, वाहिन्यांच्या स्पर्धा, ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे कार्यक्रम. पण ही दोन टोके घेतली की संबंध स्पष्ट होतो.

संगीतबारीत एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात आणि आळीपाळीने रंगमंचावर येतात. पुण्याचे आर्यभूषण हे अशा थिएटरांतले प्रसिद्ध नाव. पार्टी ही बहुधा एका घरातील किंवा नात्यातील स्त्रियांची असते. पेटी, तबला, ढोलकी वाजवणारे पुरुष सोबत असतात. प्रेक्षक फर्माईश करतो, पैसे देतो, त्या पैशाबरोबर ओळ पुन्हा घेतली जाते. ही दौलतजादा. तिच्याकडे केवळ उधळपट्टी म्हणून पाहिले तर अदाकारीचे अर्थशास्त्र कळत नाही. ओळीची पुनरावृत्ती आणि पैशाची पुनरावृत्ती येथे एकमेकींना बांधलेल्या असतात. कोणता भाव लांबवायचा, कोणता आवरायचा, कोणाच्या नजरेला नजर द्यायची आणि कोणाला हसून टाळायचे, याचा निर्णय नाचणारी क्षणोक्षणी घेते. तिच्या कलेतील प्रत्युत्पन्नमती या व्यवहारातून घडली आहे. बैठकीच्या खासगी मैफलीत हा व्यवहार आणखी सूक्ष्म होतो आणि त्यातील धोकाही वाढतो.

महोत्सवात फर्माईश नाही. वेळ ठरलेला, क्रम ठरलेला, प्रकाशयोजना ठरलेली. प्रेक्षकांत स्त्रिया आहेत, मुले आहेत. ही फार मोठी सामाजिक घटना आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बसलेल्या देहाची सूक्ष्म अदाकारी हजार खुर्च्यांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. त्यामुळे खडी लावणी पुढे येते, चक्कर वाढतात, समूहरचना येते, लय चढी होते. ही कोणाच्या रुचीची घसरण नसून अंतराचा परिणाम आहे. जेथे चार हातांवर बसलेल्या माणसासाठी घडलेली कला चाळीस हातांवरून पाहावयाची असते, तेथे भुवई निरुपयोगी होते.

आता या चित्रातील उलटी बाजू. संगीतबारीत फर्माईश चालते म्हणून तेथे चित्रपटगीतेही चालतात, आणि पुष्कळ चालतात. प्रेक्षकाने मागितले ते गायचे, हा तेथील जुना नियम. ‘पिंजरा’ (१९७२) आल्यावर तिची गाणी मागितली गेली, ‘नटरंग’ (२०१०) आल्यावर तिची. याउलट जुनी चौकाची लावणी, जुनी बालेघाटी हवी असेल तर ती महोत्सवात, शिबिरात, अकलूजसारख्या स्पर्धेत सापडण्याचा संभव अधिक. जिवंत परंपरा आपले गीतभांडार सतत टाकत जाते आणि जतन केलेली परंपरा ते सांभाळते. परंपरा म्हणजे गीतभांडार असे मानले तर महोत्सव अधिक पारंपरिक ठरतो. परंपरा म्हणजे गाणारी आणि ऐकणारा यांच्यातील व्यवहार असे मानले तर चित्रपटगीत गाणारी बारी अधिक पारंपरिक ठरते. समीक्षकाला दुसरा पर्याय अधिक सूक्ष्म वाटेल. परंतु तो निवडताना हेही मान्य करावे लागते की तो व्यवहार नाचणाऱ्या स्त्रीच्या पराधीनतेवर उभा आहे. चाळ बांधलेल्या मुलीने लग्न करावयाचे नाही, तिच्या कमाईवर घर चालावे, ही रीत या ‘जिवंतपणा’चा भाग होती. तिची निरागस आठवण काढणे हे समीक्षेचे काम नव्हे.

कायद्याच्या क्षेत्रात हा प्रश्न वेगळ्याच दाराने शिरला. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारमधील नाचावर बंदी घातली. त्याच दुरुस्तीने नाट्यगृहे, जिमखाने आणि तीन तारांकित व त्यांवरील हॉटेले यांना सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी टिकू दिली नाही. २०१६ चा नवा कायदा आल्यानंतर जानेवारी २०१९ च्या निर्णयात न्यायालयाने नर्तिकेला बक्षिसी देण्यास मुभा दिली, नोटा उधळण्यास मात्र दिली नाही. ॲना मॉरकम यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे बारमधील नर्तिकांचा मोठा भाग देशभरातील पिढीजात नर्तक जमातींतून आलेला होता. म्हणजे नाचणाऱ्या समाजांचे एक टोक वारसा म्हणून व्यासपीठावर आणि दुसरे टोक गुन्हा म्हणून न्यायालयात, अशी स्थिती एकाच दशकात दिसली. हालचालींतील फरकापेक्षा स्थळाचा फरक येथे निर्णायक होता, हे सूट मिळालेल्या स्थळांच्या यादीवरूनच दिसते.

५

तुलनेसाठी तमिळ प्रदेशातील सदिर नाचाचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते एका कारणाने मराठी वाचकाला परके नाही. ज्या तंजावूर चौकडीने या नाचाचा क्रम बांधला तिला आश्रय होता तो तंजावूरच्या मराठा दरबाराचा, दुसऱ्या सरफोजींचा. १९३० च्या दशकात सदिरचे ‘भरतनाट्यम्’ झाले. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवींनी अड्यार येथे तो नाच सादर केला, पुढच्या वर्षी कलाक्षेत्राची स्थापना झाली आणि १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने देवदासी प्रथेबरोबर मंदिरातील नाचही संपवला. नाव बदलले, स्थळ बदलले, नाचणारी बदलली. वारसा वाचला तो वारसदार बदलून.

लावणीचे असे झाले नाही. तिचे नाव बदलले नाही, ‘शास्त्रीय’ होण्याची संधी तिला मिळाली नाही आणि पिढीजात नाचणारी पूर्णतः बाहेरही फेकली गेली नाही. येथे एका नाचणारीच्या दोन झाल्या. एक महाविद्यालयात, शिबिरात शिकलेली, जिच्यासाठी लावणी हे कौशल्य आहे. दुसरी कोल्हाटी, डोंबारी, भातू अशा समाजांतील, जिच्यासाठी ती चरितार्थ आणि कुळाची ओळख आहे. दोघी एकाच महोत्सवात एकामागून एक नाचू शकतात. पहिलीने नाचल्याने तिच्या चारित्र्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. दुसरीच्या बाबतीत ते आधीच सिद्ध मानलेले असते. समीक्षेने दोघींच्या नाचातील गुणभेद पाहावयास हरकत नाही. पण दोघींना उपलब्ध असलेली निरागसता सारखी नाही, हे विसरून केलेली तुलना फोल ठरते.

‘वारसा’ हा मराठी शब्द मुळात मालमत्तेच्या व्यवहारातला आहे. वारसा म्हटला की वारस आलाच, आणि वारस कोण हे ठरवावे लागते. सांस्कृतिक वारशाच्या भाषेत मात्र वारस म्हणून ‘महाराष्ट्र’, ‘मराठी माणूस’, ‘राष्ट्र’ अशी व्यापक नावे येतात. २००३ च्या युनेस्को करारात अमूर्त वारशाच्या संदर्भात समुदायांचा उल्लेख आवर्जून आहे; भारतातून २०१० मध्ये छाऊ, कालबेलिया आणि मुडियेट्टु यांची, २०२३ मध्ये गरब्याची नोंद त्या यादीत झाली. कालबेलियाच्या बाबतीत नाचाचे नाव आणि जमातीचे नाव एकच आहे. त्यामुळे वारसा कोणाचा हे निदान नावापुरते तरी झाकता येत नाही. लावणी त्या यादीत नाही. उद्या ती गेली तर अर्जात समुदाय म्हणून कोणाचे नाव असावे, हा प्रश्न औपचारिक नाही. शाहिरांची नावे आहेत, त्यांत ब्राह्मणही आहेत. नाचणाऱ्या स्त्रियांची घराणी ज्यांच्या नावाने ओळखली जातात त्या आज्या-पणज्यांच्या नावांची नोंद तुलनेने विरळ आहे.

व्यक्तिगत गौरव झाले नाहीत असे नाही. विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले, १९९० मध्ये पुन्हा. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेलेली होती, आणि नंतर शासनाने त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. यमुनाबाई वाईकर यांना १९९५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. सुलोचना चव्हाण यांनी लावणी नाचाशिवाय, केवळ आवाजाने, घराघरांत नेली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ही तीन नावे शेजारी ठेवली की मान्यतेची पातळी देहापासूनच्या अंतराशी कशी निगडित आहे, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न यमुनाबाईंच्या उदाहरणाने थोडा गुंतागुंतीचा होतो: त्यांच्या बाबतीत शासकीय मान्यतेने खरोखरच एका कलावतीला ‘लोक’च्या रकान्यातून व्यक्तीच्या नावापर्यंत आणले. शासनमान्यता म्हणजे सरसकट अपहरण, असे म्हणणारी मांडणी कलावतींनी त्या मान्यतेचा स्वतः केलेला वापर दृष्टीआड करते. प्रमाणपत्र हे त्यांच्यासाठी सजावट नसते; थिएटराच्या मालकाशी, पोलिसांशी, मुलाच्या शाळेशी बोलताना ते कामास येते.

तरी गौरव होतो तो एकटीचा, आणि कला आहे ती घराची. शासकीय शिबिरांत ज्येष्ठ कलावतीला गुरू म्हणून बोलावले जाते. समोर शहरी, शिकलेल्या, बहुतेक इतर जातींच्या मुली असतात. ती त्यांना मनगट शिकवते, नजर शिकवते, एक ओळ पाच प्रकारे कशी घ्यायची ते शिकवते. पंधरा दिवसांत जेवढे येते तेवढे त्यांना येते. तिच्या स्वतःच्या घरात जे पंधरा वर्षांत, कोणी न शिकवता उतरत होते ते आता कोणाला येत नाही, कारण आपल्या मुलींनी या धंद्यात येऊ नये, शिकावे, नोकरी करावी, असे अनेक कलावतींनी मुलाखतींतून पुनःपुन्हा सांगितले आहे. ज्यांना नाच सोडण्याचा अधिकार इतक्या उशिरा मिळाला त्यांच्याकडून तो जपण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची, याचे उत्तर महोत्सवाच्या संयोजकांकडे नाही. आणि लावणीच्या छापील ओळीवर आजवर भागवत आलेल्या समीक्षेकडेही ते तयार नाही.